नेरूळहून मधूला

नेरूळ, नवी मुंबई
फेब्रुवारी २०२६

प्रिय मधू,

तुझं पत्र मिळालं आणि त्याच दिवशी पुन्हा एकदा वाचून काढलं. घाटावरच्या तुझ्या फेऱ्या, सुनेचं बाळंतपण, गुडघ्याचं दुखणं, सगळं समजलं. तेल चोळतेस ते ठीक आहे, पण डॉक्टरांना एकदा दाखवून ये, हे मी हक्काने सांगते आहे. बाळाचं बारसं चुकलं याची रुखरुख आहेच. आईला एकटं सोडून निघणं त्या वेळी शक्य नव्हतं, तू समजून घेतलंस.

तू विचारलंस, "विमानतळ झाला, आता नवी मुंबई ओळखू तरी येते का गं?" येते. ८ ऑक्टोबरला उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून विमानं सुरू झाली. सुरुवातीला आमच्या सोसायटीची पोरं संध्याकाळी गच्चीवरच असायची. आपण बेलापूरच्या किल्ल्याकडून खाडीपलीकडे पाहायचो तेव्हा समोर उलव्याचा डोंगर असायचा, तो मात्र आता शोधू नकोस. सुरुंग लावून तो सपाट केला, उलवे नदीला दुसरीकडून वाट काढून दिली, दहा गावं उठवून नवीन जागी वसवली, तेव्हा कुठे ११६० हेक्टरचं ते मैदान तयार झालं. विमानतळाचा मला मनापासून आनंद आहे. पनवेल-खारघरच्या माणसाला पहाटेच्या विमानासाठी मध्यरात्री मुंबईच्या सहार विमानतळाच्या वाटेला लागावं लागायचं, ते आता टळलं. भाचीला तिथेच नोकरी लागली आहे. गणवेश घालून निघते तेव्हा आई दारापर्यंत सोडायला जाते.

पण त्या जमिनीवर आधी कोण नांदत होतं हे इथे नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवं, असं मला फार वाटतं. आमच्या सोसायटीतल्या एक ताई त्या दहा गावांपैकी एका गावच्या. मी त्यांना विचारलं, विमान उतरताना पाहून काय वाटतं? म्हणाल्या, "चांगलं वाटतं. पण आमची विहीर कुठे होती ते मला आता बोट दाखवून सांगता येत नाही." त्यावर मी काहीच बोलू शकले नाही. जमीन गेलेल्या शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांचं नाव विमानतळाला द्या म्हणून आगरी-कोळी माणसं इतक्या मोठ्या संख्येने रस्त्यावर का उतरली, हे त्या एका वाक्यात कळतं. १९८४च्या जानेवारीत जासई परिसरात जमिनीसाठी लढणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच जण गेले. आपण तेव्हा शाळेत होतो. मोठी माणसं आवाज खाली करून बोलायची एवढंच मला आठवतं. संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकाला देण्याचं तत्त्व त्या लढ्यातून आलं. ज्या सेक्टरमध्ये आपण लहानाच्या मोठ्या झालो, तीही कोणाची तरी भातखाचरंच होती ना.

आता २ नोव्हेंबरबद्दल. फोनवर आपण दोघी नुसत्या रडत आणि हसत होतो, धड सांगितलंच नाही मी तुला काही. भाचीने कुठूनशी तिकिटं मिळवली आणि मी डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये होते, मधू. आपल्या नेरूळच्या स्टेडियममध्ये महिला क्रिकेटच्या विश्वचषकाची अंतिम लढत! दुपारी पाऊस लागला, तीनला सुरू व्हायचा सामना पाचला सुरू झाला. तोवर लोक छत्र्या, प्लॅस्टिकचे कागद डोक्यावर धरून बसून होते. कोणी उठलं नाही. तुमच्या सांगलीच्या स्मृतीने आणि शफालीने शंभराची सलामी दिली तेव्हा आजूबाजूच्या अनोळखी बायका माझ्या गळ्यात पडल्या. शफाली तर मूळ संघातही नव्हती. प्रतिका रावल जखमी झाली म्हणून उपांत्य सामन्याआधी तिला बोलावलं, आणि अंतिम सामन्यात तिने ८७ धावा काढल्या, वर दोन बळी. आपले २९८ झाले. पण दक्षिण आफ्रिकेची वोल्वार्ड उभी होती तोवर माझ्या जिवात जीव नव्हता. तिचं शतक झालं आणि मग अमनज्योतने तो झेल घेतला, हातातून दोनदा निसटलेला. त्या क्षणी जो आवाज झाला तो टीव्हीवर तुला ऐकू आला असेल, मला तो अजून अंगात जाणवतो. दीप्तीने पाच बळी घेतले, शेवटचा झेल हरमनप्रीतने मागे पळत जाऊन पकडला. बावन्न धावांनी जिंकलो.

त्यानंतर जे झालं त्याने मला जास्त हलवलं. हरमनप्रीतने प्रशिक्षक अमोल मुझुमदारांचे पाय धरले. तुझ्या दादाने आपल्याला १९८८ची ती गोष्ट कितीदा सांगितली होती: सचिन आणि विनोद ६६४ धावांची भागीदारी करत होते आणि पुढचा फलंदाज म्हणून अमोल पॅड बांधून बसून राहिला होता. पुढे प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा करूनही या माणसाला भारताकडून एकही सामना खेळायला मिळाला नाही. आणि विश्वचषक आला तो त्याच्या मुलींच्या हातून, आपल्या गावात. मग खेळाडूंनी मिताली आणि झुलन या आधीच्या पिढीतल्या दोघींना बोलावून चषक त्यांच्या हातात दिला. झुलन रडत होती. मी आपल्या सेक्टरच्या मैदानाचा विचार करत होते, जिथे मुलं आपल्याला फक्त बॉल आणायला पाठवायची आणि तू एक दिवस बॅट हातातून खेचून घेऊन पाय रोवून उभी राहिलीस. आता त्याच मैदानावर सकाळी सहाला मुली सराव करतात. लोकलच्या महिला डब्यात किटबॅग दिसते, तिला जागा करून दिली जाते. चषकाइतकंच मला हेही मोठं वाटतं.

पक्ष्यांचं वेड कुठवर आलं, हे तू शेवटच्या ओळीत विचारलंस, पण माझं खरं सांगणं तेच आहे. तेव्हा पुढची पानं त्यांची.

नेरूळ जेट्टीच्या रस्त्याला पाम बीच ओलांडून गेलीस की डाव्या-उजव्या हाताला तिवरं लागतात आणि मध्ये एक तीसेक एकरांचा तलाव आहे. लोक त्याला डीपीएस तलाव म्हणतात. थोडं पुढे करावे गावाच्या अंगाला टीएस चाणक्य या नौकानयन शिकवणाऱ्या संस्थेमागची पाणथळ. ही दोन पाणी आणि समोरची ठाणे खाडी, एवढा माझा मुलूख. आपण कॉलेजला होतो तेव्हा, १९९२च्या मे महिन्यात वाशी-मानखुर्द लोकल सुरू झाली आणि आपण पुलावरून खाडी पाहत जायचो. त्या काळी फ्लेमिंगो इथे नेमाने येत नव्हते. ते नव्वदच्या दशकात यायला लागले. आता हंगाम भरात असला की खाडीत लाखाच्या घरात असतात. कच्छच्या रणात, गुजरातकडे त्यांची वीण होते. थंडीच्या सुरुवातीला इथे यायचं, पाऊस तोंडावर आला की परत फिरायचं. मराठीत त्यांना रोहित म्हणतात, अग्निपंखही म्हणतात. इथे दोन जाती दिसतात. धाकटा रोहित बुटका, अधिक गुलाबी, चोच गडद. थोरला उंच, बराचसा पांढरा, चोच गुलाबी आणि फक्त टोक काळं. रंग खाण्यातून येतो. चिखलातलं सूक्ष्म शेवाळ, बारीक कोळंबीसारखे जीव, त्यांतलं रंगद्रव्य पिसांत उतरतं. पिल्लू जन्मतं ते करड्या रंगाचं, गुलाबी व्हायला त्याला दोन-तीन वर्षं लागतात. थव्यात कडेकडेने करडी पोरं दिसतात, ती मला फार आवडतात. चोच उलटी करून पाण्यात घालतात आणि जिभेने पाणी आत-बाहेर करत गाळून खातात. एक थवा असा जेवत असला की पाण्यावर सतत एक गुणगुण चालू असते. मी दुर्बीण खाली ठेवून नुसती ऐकत बसते.

जायची वेळ कशी ठरवायची ते मला करावे गावच्या एका कोळी काकांनी शिकवलं. चालू तिथी घ्यायची, तिला पाऊणपट करायची, आलेला आकडा म्हणजे भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा: सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला भरती. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बारा. खाडीत आत पाणी पोचायला आणखी थोडा वेळ द्यायचा. ओहोटीला पक्षी खाडीच्या उघड्या चिखलावर पांगलेले असतात, लांब. भरतीचं पाणी चिखल झाकायला लागलं की उठतात आणि विसाव्याला आतल्या तलावांत येतात. म्हणून भरतीआधी तास-दीड तास जाऊन बसायचं. उधाणाच्या दिवसांत जास्त येतात, भांगेला कमी, कारण तेव्हा पाणी फार चढत नाही. काका म्हणाले, "बाय, घड्याळ नको बघूस, कॅलेंडर बघ." आता स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर एकादशी-चतुर्थीच्या शेजारी माझ्या पेन्सिलीच्या वेळा असतात आणि आई उपासाबरोबर त्याही मला वाचून दाखवते.

रोहितांखेरीज लांब लाल पायांचे शेकाट्ये, चमचे, चित्रबलाक, तुतवार, कुरव, सुरय. वही ठेवली आहे. नाव, तिथी, पाणी किती, वारा कुठला, एवढंच लिहिते. बँकेत आयुष्यभर आकडे लिहिले, पण या आकड्यांत माझा जीव गुंतला आहे.

आणि म्हणूनच २०२४ सालचा तो उन्हाळा अजून मनातून जात नाही. तलावाला खाडीचं पाणी मिळतं ते मोऱ्यांतून. त्या वाटा कामांमध्ये बुजल्या. भरती यायची, खाडी भरायची, आणि तलाव कोरडाच. एप्रिल-मेमध्ये पक्षी मरून पडलेले सापडले. त्याआधी जेट्टीजवळच्या एका मोठ्या फलकावर आपटून काही मेले होते, तो फलक मग काढला. २० मेच्या रात्री घाटकोपरला विमानाची धडक बसून तीसपेक्षा जास्त रोहित गेले, ते तू पेपरात वाचलंच असशील. त्या महिन्यात आम्ही किती तरी जण तलावाच्या काठावर हातात हात धरून उभे होतो. शाळेतली मुलं, निवृत्त माणसं, करावे-सारसोळेचे कोळी. अर्ज केले, मोऱ्यांचे फोटो तारीख-वेळ घालून पाठवले. एका कार्यालयातून उत्तर आलं की पाणी सुरू आहे. मी त्याच दिवशी भरतीच्या वेळी पुन्हा जाऊन कोरड्या मोरीचा फोटो काढला आणि त्याच पत्राला जोडून परत धाडला. थांबायचं नाही असं ठरवलं होतं.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये राज्य वन्यजीव मंडळाने या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करायला मंजुरी दिली. बातमी आली तेव्हा काकांनी कोळंबीचा डबा घरी पाठवला. पण कागदावर राखीव होणं आणि मोरीतून रोज पाणी येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाणी साचून राहिलं की वर शेवाळाची साय धरते आणि पक्षी उतरत नाहीत. तलावाला भरती-ओहोटीचा श्वास लागतो. तेवढा एक मोकळा ठेवला तर बाकी काही करावं लागत नाही. कारंजी नकोत, रंगीत दिवे नकोत, काठाला फरशी नको.

मला सांगतात, "विमानतळ आला, आता पक्ष्यांचं काय घेऊन बसलीस?" मी उलट सांगते की विमानतळ आला म्हणूनच आता हे जास्त जरुरीचं आहे. या पक्ष्यांची विसाव्याची जागा ठरलेली आहे. ती बुजवली तर ते नाहीसे होत नाहीत, दुसरी जागा शोधत फिरतात, आणि फिरायला आकाश एकच आहे. विमानात बसलेल्या माणसाच्या जिवासाठीसुद्धा तलाव जिवंत हवा. या खाडीची किंमत बाहेरच्या जगालाही कळली आहे. २०१५ साली ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य झालं, जवळजवळ १७०० हेक्टरचं, आणि २०२२च्या ऑगस्टमध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव लागलं. म्हणजे ऐरोली-विक्रोळीच्या मधला, दोन्ही बाजूंनी लोकल धावत असलेला हा चिखल आंतरराष्ट्रीय महत्त्वाचा आहे. २०२२मध्येच बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या) शास्त्रज्ञांनी सहा रोहितांच्या पाठीवर उपग्रहाचे टॅग बसवले. त्यांना नावं दिली: सलीम, हुमायून, मॅककॅन, लेस्टर, कच्छच्या महारावांवरून खेंगारजी, आणि सहाव्याचं नाव नवी मुंबई. कल्पना कर, आपल्या गावाचं नाव घेऊन एक पक्षी फिरतो आहे! आपल्याला लहानपणी पाहुणे विचारायचे, "गाव कुठलं?" आणि बाबा सातारा सांगायचे, तुझे बाबा मिरज सांगायचे. वाशी-नेरूळ हे गाव म्हणून कोणी सांगत नसे, ते फक्त राहायचं ठिकाण. माझं गाव आता हेच आहे, मधू, आणि ते मला या खाडीने दिलं. रस्त्यांनी, मॉलनी नाही दिलं.

मतदानाचं विचारलं होतंस. आमच्या महापालिकेची निवडणूक २०१५ नंतर थेट या १५ जानेवारीला झाली. एवढी वर्षं नगरसेवक नाही म्हणजे मोरीत पाणी नाही हे सांगायचं कोणाला, हाच प्रश्न होता. या वेळी प्रभाग मोठे, एकाच वेळी चार-चार मतं द्यायची. आईला व्हीलचेअरवर नेलं. प्रचाराला जो कोणी दारात आला त्याला मी तलावाचंच विचारलं. एकाने वहीत लिहून घेतलं, आता त्याला सोडणार नाही.

बाकी ठीक. आमचा दादा ठाण्याला घोडबंदर रोडवर आहे, मेट्रोची चाचणी झाल्यापासून रोज तिच्या खांबांखालून तासभर रखडतो आणि उद्घाटनाची वाट पाहतो. गडकरी रंगायतन दुरुस्तीनंतर पुन्हा उघडलं, त्याचं त्याला जास्त सुख आहे. आमच्याकडे वाशीला विष्णुदास भाव्यांच्या नावाचं नाट्यगृह आहेच. तिथे नाटक पाहायला गेले की तुझी आठवण होते, कारण भाव्यांनी १८४३ साली 'सीता स्वयंवर' केलं ते तुमच्या सांगलीत. एपीएमसी बाजारात देवगडच्या आंब्याच्या पहिल्या पेट्या आल्या आहेत. भाव विचारून परत आले. चैत्रापर्यंत धीर धरते.

आता मुद्द्याचं. पाडवा १९ मार्चला आहे. गुढी घरी उभार, सुनेच्या हातचं श्रीखंड खा आणि मग निघ, पंचमीपर्यंत इथे पोच. पंचमीला भरती पावणेचारच्या पुढे, म्हणजे अडीचला डबा घेऊन निघायचं. टोपी आण, पांढरे कपडे नको, पक्षी बुजतात. बसायला तुझ्यासाठी घडीची खुर्ची घेऊन ठेवली आहे, तेव्हा गुडघ्याची सबब चालणार नाही. दुसऱ्या दिवशी करावेच्या काकांकडे जेवायला जायचं आहे, त्यांनी तुझं नाव घेऊन बोलावलं आहे. रात्रीच्या गाडीने आलीस तर पहाटे नेरूळला एलपीच्या थांब्यावर उतर, मी स्कूटर घेऊन येते. आईसाठी भडंग आणि तासगावचे बेदाणे आण, ती दोन्ही गोष्टींची रोज चौकशी करते आहे. तिकीट काढलंस की लगेच कळव, म्हणजे काकांना होडीचं सांगता येईल.

बाळाला खूप खूप पापे. घरच्या सगळ्यांना नमस्कार.

तुझीच,
शुभा